काका, सिस्टीम घेत नाही

इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात सगळं असतं. भिंतभर टीव्ही असतात आणि त्या सगळ्यांवर एकच मासा एकाच दिशेने पोहत असतो. एसी इतका की मिक्सरच्या विभागापर्यंत पोचेतो सर्दी झालेली असते. ईएमआयचं टेबल असतं, फुगे असतात, सेल्फी काढायला पुठ्ठ्याची चौकट असते, पाण्याचा कूलर असतो (ग्लास नसतो). नसतो तो फक्त विकणारा माणूस.

म्हणजे माणसं असतात. लाल टी-शर्ट, निळे टी-शर्ट, एखादा टाय लावलेला. पण ती विकणारी असतीलच असं नाही. आमचा जुना मिक्सर ऐन गणपतीच्या दिवसांत, खोबरं वाटता वाटता, एक लांबलचक हुंकार देऊन कायमचा गप्प झाला, तेव्हा ठाण्यातल्या अशाच एका तीन मजली दुकानात मी गेलो. मिक्सरच्या फळीसमोर उभा राहिलो आणि शेजारच्या निळ्या टी-शर्टला विचारलं, "हा किती वॅटचा आहे?"

"काका, मी टीव्हीचा."

"मग मिक्सरचं कोण बघतं?"

"तो जेवायला गेलाय."

सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. मुलगा लवकर जेवत असेल, वय वाढीचं आहे, असं म्हणून मी लाल टी-शर्टकडे वळलो. हा मिक्सरचाच निघाला. पण त्याने माझ्या हातातला मिक्सर अदबीने काढून घेतला, जागेवर ठेवला आणि दुसराच पुढे केला.

"मला तो बघायचाय."

"काका, तो चांगला नाहीये."

"तुमच्याच दुकानात ठेवलाय ना?"

"दुकानात ठेवलाय, पण माझा नाहीये."

अशा दुकानांतली बरीचशी मुलं दुकानाची नसतातच, ती त्या त्या कंपनीने आणून उभी केलेली असतात, हे ज्ञान मला तिथे झालं. पगार कंपनीचा, टार्गेट कंपनीचं, निष्ठा कंपनीची. त्यामुळे फळीवरच्या ज्या मिक्सरचा मुलगा सुट्टीवर असेल, तो मिक्सर त्या दिवशी दुकानात असून नसल्यासारखा. त्याचे वॅट कुणालाच माहीत नसतात आणि माहीत असले तरी कुणी सांगत नाही. मला हवा असलेला मिक्सर पोरका होता. मी लाल टी-शर्टचा घेतला. साडेसातशे वॅट, तीन भांडी, मोटरला 5 वर्षं वॉरंटी. "5 वर्षं" म्हणताना मुलाने हाताची पाच बोटं माझ्या नाकासमोर धरली. "मोटरला" हा शब्द त्याने बोटांच्या मागे उच्चारला.

कपड्यांच्या दुकानात बरोबर उलटं असतं, ते एकदा नोंदवून ठेवतो. तिथे आपल्याला एकांत हवा असतो. पोट आत घेऊन विजारीचा पट्टा पाहायचा क्षण हा फार खासगी असतो. पण तिथे एक मुलगा सावलीसारखा मागे असतो आणि आपण चौतीस हातात घेतली की सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडतो, "अरे, काकांना अडतीस दाखव रे!"

आता एक कबूल करायला हवं, की दुकानात अपमान होणं ही काही मॉल आल्यावर सुरू झालेली गोष्ट नाही. आमच्या लहानपणी अपमान करायला मालक स्वतः गादीवर बसत असे. आई म्हणायची, "जरा गूळ दाखवा." तो म्हणायचा, "गूळ काय दाखवायचा? उपवर आहे का तो?" शाळेजवळचा वह्यावाला वहीला हात लावायच्या आत विचारायचा, "सुटे आहेत?" नाहीत म्हटलं की, "मग वहीपण नाही." कापडाच्या दुकानात चार ठाण उलगडून झाल्यावर "विचार करून येतो" म्हटलं, तर गादीवरचा गृहस्थ आपल्याशी न बोलता नोकराला सांगायचा, "पंखा बंद कर."

पण त्या अपमानाला एक घरगुतीपणा होता. त्या माणसाला तुमचे वडील माहीत असत, वडिलांची उधारी माहीत असे, मागच्या दिवाळीला नेलेला रवा माहीत असे. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी अपमान वेगळा शिवून दिला जाई. आणि पाट्या तर स्वच्छ शब्दांत सगळं आधीच सांगून टाकत. आज रोख उद्या उधार. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. फॅशनच्या जमान्यात गॅरंटीची अपेक्षा करू नये. पुढचं रडगाणंच नको.

त्याच भिंतीवर पुष्कळदा गांधीजींची तसबीर असे आणि खाली ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, अशा अर्थाचा मजकूर. बँकांतून, पोस्टांतून, रेशन दुकानांतूनही तो मी वाचलेला आहे. रांगेत दुसरं वाचायला काही नसतं. पुढे कळलं की हे वाक्य गांधीजींचं असल्याचा भरवशाचा पुरावा शोधणाऱ्यांना मिळालेला नाही. म्हणजे साऱ्या देशाने सेवेची जी एकमेव हमी भिंतीला टांगली, तिलाही ओरिजिनल बिल नाही.

दुकानदाराला कंटाळून मुंबई-ठाण्याच्या मध्यमवर्गाने एक नामी तोड मात्र काढली होती. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, सामान आलं की कुणाच्या तरी घरी बसून आपलं आपण वाटून घ्यायचं. दुकानही नाही, दुकानदारही नाही. कल्पना इतकी चांगली की ती अजून चालू आहे. आमच्या इमारतीत वाटपाची सूत्रं तळमजल्यावरच्या काकूंकडे होती. एरवी अतिशय मायाळू बाई, आमच्या घरी न सांगता अळूच्या वड्या पाठवणाऱ्या. पण सतरंजीवर सामानाच्या पुड्या मांडून त्या पलीकडे बसल्या की आई पाच मिनिटं उशिरा पोचली तरी विचारायच्या, "घड्याळ बिघडलंय का हो तुमचं?" मराठी माणसाला काउंटरच्या आतल्या बाजूला बसवा, काउंटर सतरंजीचा का असेना, त्याचा आवाज बदलतोच.

तर मिक्सर. माल पसंत झाला, आता फक्त पैसे द्यायचे होते. यात काही अडचण येईल असं मला वाटलं नव्हतं, कारण आजवरचा अनुभव असा की पैसे घ्यायला कुणी नाही म्हणत नाही.

काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मोबाइल नंबर."

या क्षणाची मी तयारी करून आलो होतो. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांच्या संघटनांना कळवलं होतं, की मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल नाही अशी अडवणूक ग्राहकांची करू नका. त्या बातमीचं कात्रण माझ्या पाकिटात होतं. मी खाकरलो.

"मी नंबर देणार नाही. तसं बंधन नाहीये."

"काका, नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"पण सरकारने सांगितलंय."

"हो काका, पण सिस्टीमला नाही सांगितलं."

मी कात्रण काढलं. तिने ते वाचलंही असतं, मुलगी वाईट नव्हती. पण माझ्या मागे रांग होती, आणि ग्राहकाचा खरा शत्रू त्याच्या मागे उभा असलेला ग्राहक असतो. "अहो काका, द्या ना नंबर, कुठे किडनी मागतायत!" रांगेतून आवाज आला. दुसऱ्याने घड्याळ बघून जोरात सुस्कारा टाकला. ग्राहक चळवळ त्या सुस्काऱ्यात संपली. मी नंबर दिला. मग ओटीपी आला तो दिला. मग पिनकोड, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस. शेवटच्या प्रश्नाला मी अडखळलो, ते तिने माझ्याकडे न बघताही टिपलं आणि डॅश टाकला.

"काका, तुमच्या नंबरवर ऑलरेडी वॉशिंग मशीन आहे."

"आमच्याकडे वॉशिंग मशीन नाही."

"आहे काका. फ्रंट लोड."

"अहो, घरी मी राहतो."

"सिस्टीममध्ये दिसतंय ना पण." आणि मग धीर देणाऱ्या आवाजात, "काही होत नाही, त्याच्यातच मिक्सर अ‍ॅड करते."

बिल निघालं. मुलीने विचारलं, "कॅरी बॅग? बारा रुपये." मी म्हटलं, माझी कापडी पिशवी आहे. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकबंदी झाली तेव्हापासून खिशात घडी घालून पिशवी बाळगणारा मी नागरिक. पण पिशवी खिशात नव्हती. ती आत येतानाच वॉचमनने दारात जमा करून घेतली होती, सुरक्षेच्या कारणास्तव. बदल्यात मला पत्र्याचा बिल्ला मिळाला होता. म्हणजे दारात पिशवी काढून घ्यायची आणि काउंटरवर विचारायचं, पिशवी नाही का आणली? हा उद्योग ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला माझा नमस्कार. वर त्या बारा रुपयांच्या पिशवीवर दुकानाचंच नाव छापलेलं. आधी ठळक सूचना न देता ऐन काउंटरवर असे पैसे मागणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीला सुनावलेलं आहे. हेही मला पाठ होतं. पण रांग परत सुस्कारण्याच्या बेतात होती. खोका छातीशी धरून मी तसाच निघालो.

दारातल्या वॉचमनने बिल मागितलं. काउंटर तिथून दहा पावलांवर. तिथला सगळा तमाशा त्याने स्टुलावर बसून, मला वाटतं थोड्या करमणुकीनेच, पाहिला होता. तरी त्याने बिल उलटंसुलटं केलं, खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बिलाला एक भोक पाडलं. ते भोक नेमकं वॉरंटीच्या ओळीवर पडलं. पुढे काय होणार ते त्याला तेव्हाच कळलं असावं.

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली आणि छोट्या भांड्याच्या बुडातून हिरवा ओघळ निघाला. बायकोने झाकण घट्ट केलं. झाकणाचा काही दोष नव्हता, ओघळ वाढला. ओट्यावरून तो गॅसच्या शेगडीखाली गेला. चटणीतली मिरची ओट्यावर, मीठ मिक्सरच्या बुडात आणि खोबरं तेवढं भांड्यात, अशी वाटणी झाली. त्या दिवशी गौरींनी बिनचटणीचं पान गोड मानून घेतलं. घरातल्या बाकीच्यांनी मानलं नाही.

"उद्या जाऊन बदलून आणा," बायको म्हणाली. "आणि हे बघा, भांडा. दरवेळी जाता आणि थँक्यू म्हणून येता."

हे मला लागलं. मी रात्री अभ्यास केला. 24 डिसेंबर 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आता इतिहासजमा झाला, त्या जागी 2019 चा आला, तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा. बिलात मुदत दिली नसेल तर 30 दिवस धरायचे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फीसुद्धा नाही. हेल्पलाइन 1915. हे सारं मी सकाळी दाढी करताना आरशात म्हणून पाहिलं. फार जोरदार झालं. आरशातल्या माणसाने एक शब्द न बोलता भांडं बदलून दिलं.

दुकानात मी टाय लावलेल्या गृहस्थांकडे गेलो आणि कडाडलो, "एक्सक्यूज मी."

"बोला काका."

"हे भांडं गळतंय. परवाच घेतलाय मिक्सर."

त्यांनी भांडं उजेडात धरलं, आत डोळा घातला, बाहेर काढला. "जार वॉरंटीत येत नाही. मोटरला आहे, 5 वर्षं."

"मोटरमध्ये चटणी वाटता येत नाही हो."

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. बरोबर आहे तुमचं! आधुनिक दुकानातलं हे सगळ्यांत घातक वाक्य. गादीवरचा मालक कधी म्हणाला नसता. तो "वापरता येत नाही तर घेता कशाला" म्हणाला असता. मग मी चिडलो असतो, तो चिडला असता, आजूबाजूचे मध्ये पडले असते आणि पुटपुटत का होईना, त्याने भांडं बदललं असतं. इथे ज्याच्याशी भांडायचं तो आपल्याच बाजूला येऊन उभा राहतो आणि दोघे मिळून सिस्टीमकडे हताश बघतात. "आम्ही काय, फक्त विकतो. पुढचं सगळं कंपनी बघते. या नंबरला फोन करा. टोल फ्री आहे." टोल फ्री असं त्यांनी म्हटलं, की मला वाटावं मिक्सरवर हे फुकट मिळालंय.

"थँक्यू," मी म्हणालो. सवय, दुसरं काय.

टोल फ्री नंबरची कथा सगळ्यांच्या घरी घडलेली आहे, त्यामुळे लांबवत नाही. बासरी वाजली. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका बाईने इतक्या वेळा सांगितलं की मला त्या बाईंचीच काळजी वाटू लागली. शेवटी एक खरा माणूस आला. त्याने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, जन्मतारीख पडताळली आणि तक्रार क्रमांक दिला. इतका लांब क्रमांक की वीजबिलाच्या मागची सगळी कोरी जागा त्यालाच लागली.

नंतर मेसेज येऊ लागले. तंत्रज्ञ नेमला आहे. तंत्रज्ञ निघाला आहे. तंत्रज्ञ येऊन गेला, ग्राहक घरी नव्हते. हा शेवटचा मेसेज वाचला तेव्हा मी दारासमोरच्या खुर्चीवर, तंत्रज्ञ तेवढ्यात यायचा या भीतीने आंघोळ न करता बसलेलो होतो. बेल ऐकू यावी म्हणून घरात पंखासुद्धा बंद होता. मी बायकोला म्हटलं, "मी घरी आहे ना?" ती म्हणाली, "मला तर दिसताय. सिस्टीमचं माहीत नाही."

तंत्रज्ञ आला तो अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर, कुठलाही मेसेज न येता. पाठीवर मोठी सॅक, हातात लांब पाना. बूट काढून थेट बाथरूमकडे गेला.

"मशीन कुठेय?"

"कसलं मशीन?"

त्याने फोन दाखवला. फ्रंट लोड, खालून पाणी गळते.

मी काही बोलायच्या आत बायकोने त्याला चटणीचं भांडं आणून दिलं. त्याने ते पाहिलं, फोन पाहिला, परत भांडं पाहिलं. अशा वेळी सिस्टीममधला माणूस काय करेल सांगता येत नाही. हा खाली बसला. सॅकमधून एक काळा रबरी वायसर काढला, पात्याची चकती उलट्या चुडीने फिरवून सोडवली, जुना वायसर काढून माझ्या हातावर ठेवला. एका बाजूने चिरलेला होता. नवा बसवला, भांड्यात पाणी भरून ते वर्तमानपत्रावर ठेवलं. सगळे पेपराकडे बघत राहिलो. तो कोरडा राहिला.

"किती द्यायचे?"

"वीस रुपये द्या. हा वायसर कंपनीचा नाही, माझा आहे." चहाचा घोट घेऊन तो पुढे म्हणाला, "जारची तक्रार सिस्टीममध्ये घेतच नाहीत, वॉरंटीत नाही ना तो. मशीनची होती म्हणून तरी मी आलो. तुमचं नशीब चांगलं, की तुमच्याकडे मशीन आहे."

मग तो थोडा संकोचला. "काका, एक ओटीपी आला असेल तो द्या, मशीन दुरुस्त झालं म्हणून क्लोज करतो. आणि नंतर एक लिंक येईल. दहापैकी दहा द्याल? नऊ दिले तरी साहेब विचारतात." मी दहा दिले. शेरा लिहायची जागा होती, तिथे बायकोने सांगितलं ते टाइप केलं: मशीन आता अजिबात गळत नाही, चटणी एकसारखी होते.

त्यामुळे आमची सिस्टीममधली पत एकदम वाढली. परवाच फोन आला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, तुमच्या वॉशिंग मशीनची वॉरंटी संपतेय. एएमसी रिन्यू करायचं का? वर्षातून दोन फ्री सर्व्हिस, ड्रम क्लीनिंग, आणि इतर उपकरणांच्या सुट्या भागांवर सूट."

"इतर उपकरणं म्हणजे?"

"मिक्सर वगैरे, सर."

"मिक्सरच्या भांड्यावर किती टक्के?" मी विचारलं.